डोळे मिटलेला बँडमास्तर

सोमवार, ८ फेब्रुवारी

लिही पोरी. तारीख टाकलीस? बरं. मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल चालवायची नाही. मला अक्षर येत नाही म्हणून काहीही खपेल असं समजू नकोस. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईन.

ही वही कशासाठी, तर आज घरी पेपरातली बाई आली होती, तुझ्या बापाची मुलाखत घ्यायला. सोफ्याच्या अगदी कडेला बसली, सोफा कुणी मागेल म्हणून भ्यायल्यासारखी. म्हणाली, "सर, तुमच्यावर संगीताचे संस्कार कसे झाले?" मी आतल्या खोलीत होते. दार किलकिलं होतं. ते आपोआप किलकिलं होत नाही, हे तुला माहीत आहे.

तर माझा लेक म्हणतो, "माझे वडील एका फिरत्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते."

फिरता तर होताच! तंबू, विदूषक, दोन म्हातारे वाघ, सगळं धरून फिरता होता. मला हसू आवरेना. त्याने उठून दार लावलं. माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर.

पण ऐकू येणं काही बंद झालं नाही. ती विचारत होती की वाद्यवृंदासमोर हात हलवताना तुम्ही डोळे मिटून का उभे राहता. तो म्हणाला, "वाद्यवृंद म्हणजे ऐंशी माणसं नव्हेत. ते एकच वाद्य आहे आणि ते मी वाजवतो. डोळे उघडे ठेवले की माणसं दिसतात. माणसं दिसली की संगीत ऐकू येत नाही."

बाई म्हणाली, "वा!"

हात का थांबला तुझा? शाई संपली का?

बुधवार, १० फेब्रुवारी

त्याने त्याचं सांगितलं, आता मी माझं सांगते.

तुझे आजोबा सर्कशीत ट्रम्पेट वाजवायचे. प्रमुख वगैरे कुणी नव्हते. बँड पाच जणांचा, आणि प्रमुख असलाच तर ती झुल्यावरची मुलगी. ती वर चढली की पाचही जणांच्या माना वर. तिने एका दांड्यावरचा हात सोडला की ढोल थांबायचा. समोरच्याने तिला झेललं की मग ट्रम्पेट. तिला एखाद दिवशी भीती वाटली आणि ती दोन झोके जास्त घेऊन थांबली, की बँडही थांबायचा. हे म्हणायचे, "आपण तिला वाजवायचं नाही, ती आपल्याला वाजवते." तंबूत पाऊस गळत असो नाहीतर धूळ उडत असो, यांची नजर झुल्यावरून ढळायची नाही. घरी मात्र एकदा माझ्याकडे बघितलं असेल तर शपथ.

तुझा बाप तेव्हा सहा-सात वर्षांचा. ढोलाशेजारी खोक्यावर बसवलेला असायचा. मुलगी हात सोडायच्या बेताला आली की हा डोळे गच्च मिटून घ्यायचा, पापण्या अशा आवळून की कपाळालासुद्धा सुरकुत्या पडाव्यात. ट्रम्पेट वाजलं की उघडायचा. ट्रम्पेट वाजलं म्हणजे मुलगी जिवंत आहे, हा त्याचा हिशोब.

एकदा ट्रम्पेट वाजलं नाही. विदूषकाची गत वाजली. सर्कशीत कुणी पडलं की बँडने लगेच विदूषकाची गत धरायची, म्हणजे लोक तिकडे बघतात आणि इकडे पडलेलं माणूस उचलून नेता येतं. लोक हसायला लागले. हा डोळे मिटून बसलेलाच. खेळ संपला, तंबू रिकामा झाला, तरी उघडेना. मी हाताला धरून घरी आणला. वाटेत दोनदा खांबाला आपटला.

हे झाले त्याचे संस्कार. पेपरातल्या बाईला सांगून ये जा.

वाद्यवृंदाचा कंडक्टर म्हटलं, तर खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला वाटतं तो बसवर कंडक्टर आहे. मी काही दुरुस्त करत नाही. बसवाल्याला निदान मागे वळून माणसं मोजावी लागतात.

बुधवार, १७ फेब्रुवारी

आज मी तालमीला गेले होते. घरी एकटी भिंती बघत बसण्यापेक्षा बरं. मी नेहमी वाद्यवाल्यांच्या मागे, वर छताजवळच्या बाकांवर बसते. समोरच्या खुर्च्या चांगल्या म्हणतात, पण तिथून फक्त त्याची पाठ दिसते, आणि पाठ तर तो मला घरी रोज दाखवतो. वरून त्याचं तोंड दिसतं. सुईत दोरा ओवायला मला तू लागतेस, पण लांबचं मला घारीसारखं दिसतं. व्हायोलिनवाल्यांतली तुझी शेवटची रांग, तुझी ती सैल झालेली वेणी, हनुवटीखालचा रुमाल, सगळं दिसत होतं.

मध्येच त्याने जिभेने टकटक केलं. सगळे थांबले. डोळे मिटलेलेच. म्हणाला, "दुसरी व्हायोलिनं, शेवटची रांग. एकेकट्याने."

एक झाला, दुसरा झाला. मग तू.

"परत."

तू परत वाजवलंस.

"परत."

काय चुकत होतं ते मला कळलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मग म्हणाला, "तुला वाजवता येतं असं तुला कुणी सांगितलं?"

ऐंशी माणसं जमिनीकडे बघायला लागली. तू घरी त्याला बाबा म्हणतेस, तिथे म्हणालीस, "सॉरी सर." आणि तुझे डोळे वाहत होते. पण त्याला कुठे दिसायला? पोटची पोर रडते आहे हे बघायला आधी डोळे उघडावे लागले असते.

"हे नको ना लिहायला, आजी."

लिही. तू रडलीस म्हणून लाज वाटते? इतकं पाणी कशाला काढायचं? मी नाही कधी काढलं. तुझ्या आजोबांनी मला आयुष्यभर ताटकळत ठेवलं, तेव्हाही नाही. तुझी आई रडत बसली आणि शेवटी वेगळी राहायला गेली. काय मिळालं?

बरं बरं. पूस डोळे. हे वाक्य खोडलंस तरी चालेल.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

आज घरात गंमत झाली. लेक बाहेर गेला आणि मागच्या दाराने चौघं-पाचजण आले. तुमच्या त्या पहिल्या व्हायोलिनवाल्याला मी ओळखते. भली मोठी हनुवटी. वाद्य ठेवायला देवाने खास फळी बसवून दिल्यासारखी. सगळ्या वाद्यवृंदात तुझ्या बापानंतर त्याचाच मान, असं तू सांगितलंस. एक बासरीवाली बाई होती आणि एक ढोलवाला, ज्याच्या बसण्याने आपल्या स्वयंपाकघरातली खुर्ची रडली.

चहा मी केला. कप पुरले नाहीत, हनुवटीला पातेलीच्या झाकणात प्यावा लागला.

मी आले की सगळे गप्प. गेले की कुजबुज. पण भिंत पातळ आहे. हनुवटी म्हणत होता, "सरांना अजिबात कळता कामा नये." बासरीवाली म्हणाली, "सगळ्यांनी एकदम केलं तरच उपयोग." मग तो म्हणाला, "त्या वेळी फक्त माझ्याकडे बघायचं. मी गज उचलला की सगळ्यांनी." आणि तू विचारलंस, "आणि नाही जमलं तर?"

मला काय कळत नाही का? २७ तारखेला तुमचा मोठा कार्यक्रम, आणि त्याच आठवड्यात तुझा बाप साठीचा होतो. कार्यक्रम संपला की सगळे मिळून त्याच्यासाठी काहीतरी वाजवणार, फुलं देणार, त्याला चकित करणार. एवढी बोलणी खातात आणि तरी माणसं मनाने चांगली.

आणि तो हनुवटी तुझ्याकडे बघत होता. नाही म्हणू नकोस.

हसतेस काय? लिही.

बुधवार, २४ फेब्रुवारी

आज पुन्हा सगळे स्वयंपाकघरात, आणि नेमका तुझा बाप लवकर आला. मी त्याला पुढच्या खोलीत अडवला. म्हटलं पाठ दुखते, जरा मलम चोळ. चोळलं बिचाऱ्याने. हात त्याचे चांगले आहेत, काय वाट्टेल ते म्हणा.

"आत कोण आलंय?" म्हणाला.

"तुझ्या पोरीच्या मैत्रिणी."

"तिला मैत्रिणी आहेत?" असं म्हणाला, आणि खरंच आश्चर्य वाटल्यासारखा.

मग चोळता चोळता आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "आई, या कार्यक्रमावर सगळं आहे. मंडळ ठरवणार आहे, मला ठेवायचं की दुसरा आणायचा. साठीच्या माणसाला दुसरीकडे कुणी उभं करत नाही." मी म्हटलं, "उभं नाही केलं तर बस. पाय दुखायचे थांबतील."

हसला नाही. उरलंसुरलं मलम बोटावर घेत म्हणाला, "बाबांनी मला कधी ऐकलं होतं का? म्हणजे, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले होते?"

मी म्हटलं, "ते कुणाबद्दल काय म्हणायचे? त्यांचं तोंड सदा ट्रम्पेटला." मलम संपलं होतं. तो उठून गेला.

काही म्हणाले असते तर सांगितलंच असतं की मी.

तुम्हाला मात्र वेळ मिळाला. माझे उपकार माना. वाढदिवस छान करा त्याचा. मी निळं लुगडं काढून ठेवलंय. तू हे लिहिताना माझ्याकडे अशी बघू नकोस, मला निळं शोभतं.

रविवार, २८ फेब्रुवारी

बस इथे. वही घे. नाही, आत्ताच.

काल मी वरच्या बाकावर बसले होते. सभागृह गच्च भरलेलं. मंडळाची माणसं पुढे, पेपरातली बाई त्यांच्या मागे. तुझ्या बापाने हात उचलले, डोळे मिटले. वाजवलंत तुम्ही छान. मला त्यातलं कळत नाही, पण मध्ये एकदा माझ्या अंगावर काटा आला, तो काही थंडीचा नव्हता.

शेवटचा तो लांब सूर. तो कधी संपवायचा हे त्याने मूठ वळून सांगायचं, हे तूच मला शिकवलंस. त्याचे दोन्ही हात वर, बोटं पसरलेली, आणि सूर चाललेला. मग मी बघितलं. हनुवटीने तारांवरून गज उचलला. आणि सगळ्यांनी. ढोल, बासरी, सगळे. एकदम. तुझ्या बापाचे हात वरच, बोटं पसरलेली, आणि खाली एकही सूर नाही.

त्याच्या पापण्या आवळल्या. कपाळाला सुरकुत्या पडल्या. बाकी कुणी ते ओळखलं नसेल. मी ओळखलं. हा ट्रम्पेटची वाट बघत होता.

मी तुझ्या रांगेकडे बघितलं. तुझा गज वर होता. सगळ्यांबरोबर.

मला वाटलं आता लोक हसणार. तुमच्याही मनात तेच होतं ना? त्याला तसंच उभं ठेवून त्याचं हसं करायचं? पण एक खोकलासुद्धा ऐकू आला नाही. सगळं सभागृह श्वास धरून. मग त्याने फार सावकाश मूठ वळली, रिकामी, आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

तुम्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. हनुवटीची तर खाली लोंबली.

आणि मी म्हणत होते वाढदिवस! मीच चहा केला. मीच त्याला मलम चोळत बसवलं.

"आजी, तू हे बाबांना सांगणार?"

मी कुणाला सांगणार? मला लिहिता कुठे येतं.

"त्या दिवशी त्यांनी माझं काय केलं ते तू बघितलंस."

बघितलं.

"मग?"

मग काय? मी तिथे बसलेच होते, इथेही बसलेच आहे. दोघं माझीच. कुणाचा कान धरू?

सोमवार, १ मार्च

सकाळी तू पेपर वाचून दाखवलास. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं. त्या बाईने लिहिलंय की सगळ्या संध्याकाळचा सर्वांत मोठा क्षण म्हणजे शेवटची ती शांतता. इतका धीट, इतका निःशब्द शेवट या सभागृहाने आजवर ऐकला नव्हता. धीट म्हणे.

पुढे त्याचं बोलणं छापलंय. रात्री फोनवर घेतलं असेल. "संगीत सुरात नसतं. सूर गेल्यावर जे उरतं, त्यात असतं. हे मी लहानपणीच वडिलांकडून शिकलो."

वडील ऐकते तर ट्रम्पेट फेकून मारते.

मंडळाने त्याला पुढची पाच वर्षं दिली आहेत. तो घरात आला, चप्पल काढली, मला म्हणाला, "आई, झालं." मी म्हटलं, "बरं झालं." तुझ्या खोलीच्या दारापाशी क्षणभर थांबला. दार बंद होतं. मग गेला.

त्याला कळलंय की नाही, हे मला कळत नाही. शनिवारपासून तो आरशासमोरही डोळे उघडे ठेवून उभा राहिलेला मी बघितला नाही. दाढी करताना गाल कापून घेतला.

मंगळवार, ९ मार्च

आज तू सांगितलंस तेव्हा मला आधी खोटंच वाटलं. तालमीत त्याने तुम्हाला ती शांतता पाठ करायला लावली. "माझे हात वर असताना तुम्ही थांबायचं. पहिल्या व्हायोलिनने गज उचलायचा, आणि सगळ्यांनी." तुमचीच चोरी, तुमच्याच हातात, आणि वर ताल धरून. म्हणे हनुवटीने गज उचलला की तो टकटक करायचा आणि म्हणायचा, "परत. लवकर होतंय." परत. परत. एका माणसाचा सूड ऐंशी जणांकडून घोटून घ्यायचा.

पोरी, तुझ्या बापाला सगळं कळलंय.

हनुवटीने वाद्य पेटीत ठेवलं आणि निघून गेला.

आणि तू?

"मी बसून राहिले. वाजवलं. म्हणजे, वाजवायचं थांबवलं. त्यांनी सांगितलं तेव्हा."

मी हसले. तू नाही हसलीस.

रविवार, १४ मार्च

उद्या तू जाणार. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वाद्यवृंदात, तिथेही शेवटचीच रांग. मी विचारलं, हनुवटीबरोबर का? तू म्हणालीस, "एकटी, आजी. त्याला तीन मुलं आहेत." तीन! आणि मी बसले होते मुंडावळ्या बांधायला.

बापाला सांगितलंस तेव्हा मी तिथेच होते. त्याने तुझ्याकडे नीट बघितलं, डोळे उघडे ठेवून. मला वाटलं, आता विचारेल. आता विचारेल, तूही का? तू पण वाट बघत होतीस, मानेवरची शीर उडत होती तुझी.

तो म्हणाला, "बसताना पाठ सरळ ठेव. तुझा खांदा पडतो."

तू म्हणालीस, "हो, सर."

घरात.

वही तू घेऊन जा. माझ्या काय कामाची? मला त्यात काळ्या मुंग्याच दिसतात. पण पुसू नकोस काही. ते रडण्याचं वाक्य खोडलं नाहीस ना? राहू दे.

रविवार, २१ मार्च

लिही रे. तारीख टाकलीस? हा कागद कसला? पाच पाच रेघा कसल्या या? घरात साधा कागद नाही का एक? असू दे. रेघांच्या मधल्या जागेत लिही.

पोर गेल्यापासून माझ्या जिभेला गंज चढलाय. तू म्हणालास मी लिहितो, म्हणून. नाहीतर तुला सांगायची माझी हिंमत नव्हती, तू शंभरदा परत म्हणायला लावशील म्हणून. आता मी म्हणणार, परत. डोळे मिटून लिहिता येत नाही, ही या कामात एक सोय आहे.

आधी हे लिही. तुझा बाप सर्कशीत ट्रम्पेट वाजवायचा. काय लिहिलंस? वाच.

"माझे वडील सर्कशीत ट्रम्पेट वाजवायचे."

सर्कसच लिहिलंस ना? फिरता बिरता नाही?

"सर्कस लिहिलंय, आई."

बरं. पुढे लिही. ते तुझ्याबद्दल कधी काही म्हणाले नाहीत. पण ती मुलगी पडली त्या दिवशी विदूषकाची गत वाजवताना पहिल्यांदा त्यांची नजर झुल्यावरून ढळली. तुझ्याकडे बघत होते. खोक्यावर. शेवटपर्यंत. तू डोळे मिटले होतेस, तुला कसं दिसणार. मागे मलम चोळत होतास तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू विचारलंस काय म्हणाले, आणि ते काही म्हणाले नव्हते.

का थांबलास? मी तर अजून थांबले नाही.

विचार की. विचारतोस तेही लिही, या वहीत सगळं जातं. वही नसली तरी.

"आई, त्या संध्याकाळी तू समोर वर बसली होतीस. शेवटची रांग दिसते तिथून. सगळ्यांनी गज उचलले तेव्हा तिनेही उचलला, की ती वाजवत होती?"

लिहिलंस? वाच.

वाचलंस. बरं.

आता माझं लिही. सावकाश. माझ्या तोंडाकडे बघत लिही, मी थांबेन तिथे थांब.

मला आताशा लांबचं दिसत नाही.